कापसाच्या जिल्ह्यात दोऱ्याची खरेदी

नोव्हेंबर उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभळींना कापूस लागतो. जिनिंगकडे निघालेल्या गाड्या दोन्ही अंगांनी इतक्या फुगलेल्या असतात, की रस्त्याकडेच्या काट्यांना थोडा थोडा कापूस देऊनच पुढे सरकतात. राळेगाव घ्या, घाटंजी घ्या, पांढरकवडा घ्या, या दिवसांत हवेतसुद्धा कापूस असतो आणि तो नाकात जातो. अशा मुलखात एखाद्या बाईने क्रोशाचा रुमाल विणायला सुती दोऱ्याचे चार गुंडे मागितले, तर दुकानदाराने ते हसत हसत काढून द्यायला हवेत. तो हसतो. दोरा काढत नाही.

"ताई, पांढरा हाये."

"मला मोतिया हवाय."

"पांढराच घेऊन जा. चार वेळा धुतला का मोतियाच होते."

त्याच्या या उत्तरात रसायनशास्त्र आहे, व्यापार आहे आणि तो खोटंही बोलत नाहीये. मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या माणसाने साडीचे फॉल ठेवावेत, अस्तर ठेवावं, ब्लाउजचे हूक आणि इलॅस्टिक ठेवावं. भरतकामाच्या लड्या त्याच्याकडे असतात त्या खालच्या फळीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून. मोतिया मागणारं गिऱ्हाईक वर्षाला एखादंच येतं आणि तेही मीच असते. माझ्या एकटीसाठी त्याने किती माल भरावा?

तरी मनाला लागतं. कापूस आमचा आणि दोरा परगावचा, ही गोष्ट काही आजची नाही. इथल्या जिनिंगमध्ये सरकी निराळी होते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती गाठ ट्रकवर चढून गुजरातेत नाहीतर तमिळनाडूत जाते. इंग्रजांच्या काळात ती शकुंतलेतून जायची. किलिक निक्सन कंपनीची ही नॅरोगेज गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस पोचवी, तिथून तो मुंबईला आणि मुंबईहून बोटीने लँकेशायरला. त्याच लँकेशायरमध्ये जॉन मर्सर नावाच्या गृहस्थाने १८४४ च्या सुमारास सुती कापड कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं. धागा फुगला, मजबूत झाला, रंग जास्त पिऊ लागला. पुढे दुसऱ्या कोणीतरी तो ताणून धरून बुडवला, तेव्हा त्याला रेशमाची चमक आली. आजही क्रोशाच्या दोऱ्यावर 'मर्सराइज्ड' असं लिहिलेलं असतं ते या मर्सरसाहेबांमुळे. आमच्या घरी आलेल्या गुंड्यात वणी किंवा मारेगावच्या शेतातला एखादा तंतू असेलही. दोऱ्यावर शेतकऱ्याच्या गावाचं नाव घालण्याची पद्धत नाही, त्यामुळे ओळख पटत नाही इतकंच.

तेव्हा आम्ही विणणाऱ्या बायका फोनकडे वळलो.

ऑनलाइन दुकान आधी दोऱ्याची चौकशी करत नाही, पिनकोडची करतं. ४४५००१. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या पट्ट्याचा, ४४ विदर्भाचा आणि ४४५ म्हणजे आम्ही. ही पद्धत काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतात काव्य करणारे कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. सहा आकड्यांत अख्खा देश बसवायचा तर कवीच हवा, हे माझं खाजगी मत. त्याच १९७२ साली आमच्या जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. म्हणजे एकाच वर्षात सरकारने आमच्याकडून कापूस नेण्याची आणि आमच्याकडे पार्सल आणण्याची, अशा दोन्ही सोयी केल्या. त्यातली पहिली पुढे गुंडाळली गेली. दुसरी चालू आहे.

चालू आहे, पण सगळ्यांसाठी सारखी नाही. यवतमाळ शहराचा पिन टाकला की हिरवी खूण येते. झरी जामणीकडच्या एखाद्या खेड्याचा टाकला की तेच दुकान अतिशय नम्रपणे कळवतं, की आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही. तिकडे शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने यावर उपाय शोधलाय. ती दुकानाला एकच प्रश्न विचारते, "स्पीड पोस्टाने पाठवता का?" हो म्हणाले तर दुकान चांगलं. तिची परीक्षा इथेच संपते आणि मला ती पुष्कळ शास्त्रीय वाटते, कारण खाजगी कुरिअरची गाडी जिथे वळून परत जाते तिथून पुढे पोस्टमन सायकल काढतो.

आता शोधाशोध. फोनला 'नीडल' सांगितलं की तो इंजेक्शनच्या सुया दाखवतो. 'हूक' म्हटलं की पडद्याचे आणि मासे धरायचे. 'वूल' म्हटलं तर भांडी घासायची तारेची जाळी आणि कारखान्यातल्या पाइपांना गुंडाळायची काचलोकर. एकदा गंमत म्हणून मराठीत 'दोरा' लिहून पाहिलं. आधी मांजा आला, मग काळ्या दोऱ्यातली नजरबट्टू, आणि त्यानंतर कितीतरी दिवस फोन मला पतंग घ्या म्हणून मागे लागला होता.

यातून वाट काढत लोकरीपर्यंत पोचलं तरी लेबल वाचावं लागतं. लुधियानाच्या कंपन्यांची जी लोकर आपण वर्षानुवर्षं विणत आलो, तिच्यावर बहुतेकदा शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक असं लिहिलेलं असतं. तिचा मेंढीशी संबंध नाही, तेलविहिरीशी आहे. खरी लोकर आमच्या भागात धनगरांच्या घोंगडीत, आणि ती ४५ अंशांच्या मे महिन्यात बघवतसुद्धा नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिकला मी नावं ठेवत नाही. धुवायला सोपं, कसर लागत नाही, आणि बाळाच्या कुंचीला मऊ पडतं. हल्ली पोरींच्यात 'मिल्क कॉटन'ची लाट आहे. तिच्यात दूध किती, हे मला अजून कोणत्याही लेबलवर सापडलेलं नाही. दुधापासून धागा होतो मात्र खरा. १९३० च्या दशकात इटलीत दुधातल्या केसीनपासून 'लानिताल' नावाची लोकर काढली होती आणि मुसोलिनीच्या राज्यात तिचा मोठा गाजावाजा झाला. आपल्याकडे दुधाचा भाव बघता हा प्रयोग कोणी करेलसं वाटत नाही.

लोकरीचं एक वेळ निभतं. रंगाचं निभत नाही.

आमच्या आईच्या पिढीकडे रंगांची नावं होती आणि त्या नावांनी काम भागायचं. मोरपंखी, आमसुली, श्रीखंडी, गुलबक्षी, डाळिंबी, केतकी, चिंतामणी. (चिंतामणी आता कळंबच्या देवळापुरता उरलाय. साडीच्या दुकानात तो मागितला तर पोरगं आधी पत्ता सांगतं.) ऑनलाइन दुकानांत रंगांना नंबर आहेत. फ्रान्सातली डीएमसी ही कंपनी १७४६ सालची, म्हणजे इकडे पुण्यात नानासाहेब पेशवे होते तेव्हाची. तिच्या सहापदरी, आठ मीटरच्या लडीचे पाचशे रंग आहेत आणि त्यांत ३१० म्हणजे काळा, हे जगातल्या कुठल्याही भरतकाम करणाऱ्या बाईला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. अँकरमध्ये तोच काळा ४०३ असतो. नंबराचा फायदा एवढा की भांडण होत नाही. ३१० मागवला की ३१० येतो. पण जो दुकानदार नंबर न देता नुसता फोटो देतो आणि खाली 'ब्यूटिफुल पिंक' लिहितो, त्याच्याकडून येणारी वस्तू राणी असेल, गुलबक्षी असेल किंवा थेट कांद्याची सालही असेल. त्यात फोनला रात्री डोळ्यांना बरं वाटावं म्हणून पिवळट उजेडाची सोय असते. तशा उजेडात निवडलेला पांढरा सकाळी पांढरा राहत नाही. मॅचिंग सेंटरवाला हीच गोष्ट धुण्याच्या संदर्भात सांगत होता.

नंबर जुळला तरी लॉट उरतो. रंगाचं पाणी एका वेळी जेवढ्या लोकरीवर चढतं तेवढीचा एक लॉट, दुसऱ्या वेळच्या पाण्यात जरासा फरक पडतोच. लेबलवर तो लॉट नंबर बारीक अक्षरांत छापलेला असतो. गुंडे शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही, अंगात घातल्यावर मात्र गल्लीच्या टोकावरूनही दिसतो. एका दुकानाने, नाव सोडून देऊ, मला एकाच खोक्यात दोन लॉट पाठवले. स्वेटरचं अंग एका रंगाचं झालं आणि बाह्या त्याच्या चुलतभावाच्या. तक्रार केली तर उत्तर आलं की आपलं समाधान हेच आमचं ध्येय. पुन्हा लिहिलं तर तेच ध्येय पुन्हा आलं. पलीकडे माणूस नव्हताच, ध्येय एकटंच बसलं होतं. स्वेटर ज्याच्यासाठी होता तो पुतण्या म्हणतो, हल्ली अशीच फॅशन आहे. मुलं मोठ्या मनाची असतात.

सुयांचा गोंधळ याहून जुना. आपल्याकडे विणायच्या सुयांचे नंबर इंग्रजांनी ठेवून दिलेले आहेत आणि त्यांचा हिशेब उलटा चालतो. नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची दहा नंबर भरते ६ मिलिमीटर. शेजारची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी अमेरिकन व्हिडिओ बघून भाच्यासाठी टोपी विणायला बसली. व्हिडिओतल्या बाईने दहा नंबर म्हटलं, हिने आजीच्या पेटीतल्या दहा नंबर काढल्या. टोपी फार सुबक झाली. सध्या ती मिठाच्या बरणीवर आहे. क्रोशाचंही तसंच, अमेरिकेतला सिंगल इंग्लंडात डबल होतो, तेव्हा साखळी, मुका खांब आणि खांब म्हणणाऱ्या आमच्या काकवा मला या बाबतीत जास्त भरवशाच्या वाटतात. पोनीच्या सुया आता पाकिटावर मिलिमीटर छापतात. या सुया निलगिरीत उटीजवळच्या केट्टीला होतात, तिथला कारखाना १९४९ चा. जिथे थंडी असते तिथे सुया व्हाव्यात हे बरोबरच आहे. जे ऑनलाइन दुकान मिलिमीटर लिहितं, ग्रॅमबरोबर मीटरही सांगतं आणि लॉट नंबर विचारल्यावर चिडत नाही, त्याच्याकडे मी परत जाते. अशी दुकानं आहेत. ती शोधताना पहिल्या पानावर दिसत नाहीत, कारण पहिल्या पानासाठी पैसे मोजावे लागतात आणि ते पैसे बिचारी लोकरीत घालतात.

यात आणखी एक मजा बघितली. त्याच पडद्यावर, दोरे बघता बघता, खाली 'बंजारा पॅच' विकायला येतात. आरसे लावलेले, कवड्या टाकलेले, लाल-पिवळ्या धाग्यांनी भरलेले हातभर तुकडे, आणि किंमत अशी की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. आमच्या पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी भागात तांडे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावरचे फेटिये आणि कांचळ्या म्हणजे भरतकामाचं मोठं विद्यापीठ, त्याला प्रवेशपरीक्षा नाही आणि तिथे नंबरही चालत नाहीत. बाजाराच्या दिवशी एक आजी दोरे विकणाऱ्याशी घासाघीस करत होत्या. लडी उन्हात धरली, दोन पदर सोडवून तोडून पाहिले, थुंकी लावून रंग बोटाला लागतो का बघितला आणि मग पाच रुपये कमी करून घेतले. लॉट, मीटर, रंगाचा पक्केपणा, धाग्याची ताकद, सगळी तपासणी दोन मिनिटांत. ऑनलाइन दुकानात थुंकी लावायची सोय नाही. तिची जागा भरून काढण्यासाठी ते तारे देतात. साडेचार तारे! ज्याला रुमाल विणायचा आहे त्याने आणि ज्याने फक्त खोकं वेळेवर आलं म्हणून खुश होऊन पाच तारे दिले त्याने, दोघांनी मिळून दिलेले साडेचार.

पार्सल घरी येणं हा निराळा सोहळा. आणणाऱ्या पोराला खोक्याचं वजन पटत नाही.

"काकू, काय हाये यात? रिकामंच लागून राह्यलं."

"लोकर आहे."

"यवतमाळात? लोकर?" तो उन्हाकडे बघतो. मग खोक्याकडे. मग माझ्याकडे जरा सहानुभूतीने. "सही करा."

त्याचं चूक नाही. आमच्याकडे थंडी येते ती संक्रांतीला धरून चार दिवस, आणि तेवढ्यात स्वेटर विणून होत नाही. तो होतो मार्चमध्ये, जेव्हा घरात कूलरची खस बदलायचं चाललेलं असतं. तरी लोकर घेणं थांबत नाही, कारण पोस्टेज. चार गुंड्यांना जो खर्च पडतो तोच बारांना पडतो, आणि ठरावीक रकमेवर फुकट घरपोच. एका मोतियासाठी गेलेली बाई बाजूला दिसलेले दोन हिरवे आणि एक विटकरी घेऊन येते. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था मला आता नीट समजते. कपाट भरतं, मग दिवाण भरतो, मग माळा, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते, आणि मालक म्हणतो, थांबा जरा, अजून वेळ आली नाही. शेतकऱ्याला निदान व्यापारी दारात येतो. माझ्या भरलेल्या दिवाणाचा भाव काढायला अजून कोणी आलेलं नाही. घरधन्यांनी एकदा रद्दीवाल्याचं नाव काढलं होतं, तो विषय आम्ही परत काढलेला नाही.

मागच्या वर्षी मला अबोली दोरा हवा होता. अबोली म्हणजे केशरी नव्हे, गुलाबी नव्हे, आणि इंग्रजीत 'पीच' म्हणतात तोही नव्हे. मोठ्या दुकानांत पीच, सॅमन, कोरल असे तीन निघाले. एक फळ, एक मासा, एक समुद्रातलं हाडूक. फूल कुठेच नाही. कोणीतरी कोईमतूरकडच्या एका बाईंचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला. घरातल्या घरात दोरे विकतात, दुकानाला धड नावही नाही. मोडक्या हिंदीत लिहिलं, त्यांनी त्याहून मोडक्या हिंदीत उत्तर दिलं. मी अबोलीच्या गजऱ्याचा फोटो पाठवला. लगेच उलट प्रश्न, "कनकांबरम?" मला काय माहीत. मी हो म्हटलं. पाच मिनिटांनी फोटो आला. खिडकीच्या कट्ट्यावर दोऱ्याच्या तीन लड्या, आणि प्रत्येकीवर अंगणातून तोडून आणलेलं अबोलीचं एकेक फूल. मधली लडी फुलाखाली दिसतच नव्हती. खाली लिहिलं होतं, "बीच वाला. लेकिन छह ही है, एक लॉट. ज्यादा चाहिए तो मत लो."

ज्यादा चाहिए तो मत लो! एवढ्या वर्षांत कुठल्या अ‍ॅपने मला घेऊ नका म्हटलं नव्हतं. मी सहाच्या सहा मागवल्या. त्या स्पीड पोस्टाने आल्या, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, आणि हिशेबातले वरचे चार रुपये पाकिटात नाण्यांनी परत.

हा सगळा पराक्रम मी शेजारच्या काकूंना रंगवून सांगितला. फोन उघडून साडेचार तारेवाली दुकानं दाखवली, मिलिमीटर समजावले, लॉट नंबर कुठे बघायचा ते बोट ठेवून दाखवलं, फुकट घरपोच कितीच्या वर मिळतं तेही सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. सूनबाई परदेशात बाळंत व्हायची आहे, त्यांना पिवळं दुपटं विणायचंय, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

"ते सारं ठीक हाये व माय," त्या म्हणाल्या, "मले त्या बाईचा नंबर दे."